सापडला तेव्हाचा आकडा : अणुऊर्जा नियामक मंडळास खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व सर्व सदस्य,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
नियामक भवन, अणुशक्तीनगर, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका रात्री साडेदहाला माझ्या भाच्याचा फोन आला. आयटीआय करून तो नुकताच उपकरण-दुरुस्तीच्या कामाला लागला आहे. कुठे, ते इथे लिहीत नाही. म्हणाला, "मावशी, एक विचारू? आज एक सर्व्हे मीटर कॅलिब्रेशनला आला. सोर्ससमोर धरला तर शंभराच्या जागी बासष्ट दाखवत होता. मी पॉट फिरवून शंभरावर आणला. आता फॉर्मवर ते बासष्ट कुठे लिहू? रकानाच नाही. सिनियर म्हणतात, नीट झाला ना, मग शंभर लिही आणि पुढचा घे."

सर्व्हे मीटर म्हणजे हातात धरून किरणोत्सार मोजायचे उपकरण. सोर्स म्हणजे ज्याचा किरणोत्सार आधीच नेमका माहीत असतो तो पदार्थ; त्याच्यासमोर उपकरणाचा आकडा पडताळून जुळवणे म्हणजे कॅलिब्रेशन, आणि आकडा वरखाली करायचा स्क्रू म्हणजे पॉट. मी एकतीस वर्षे हेच काम केले. किरणोत्सार मोजणारी उपकरणे उघडायची, दुरुस्त करायची, सोर्ससमोर ठेवून तपासायची, पट्टी चिकटवून परत पाठवायची. १९८८ साली रुजू झाले तेव्हा कार्यशाळेत मी एकटीच बाई होते. पहिल्याच पावसाळ्यात मी वरिष्ठांना हाच प्रश्न विचारला होता आणि मला हेच उत्तर मिळाले होते. तेव्हा मी गप्प बसले. नोकरी नवी होती. त्या गप्प बसण्याचे ओझे अजून उतरलेले नाही, आणि तोच प्रश्न आता माझ्या घरातल्या पुढच्या पिढीच्या तोंडून आला, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

बासष्टचा अर्थ काय होतो ते आधी सांगते. ज्या कुणी तो मीटर हातात धरून एखाद्या खोलीत पाऊल टाकले आणि त्यावर ५० वाचले, तो प्रत्यक्षात ८० मध्ये उभा होता. तिथे किती मिनिटे काम करायचे हे त्याने ५० धरून ठरवले. मीटर कधीपासून असा कमी दाखवत होता? गेल्या आठवड्यापासून, की मागच्या कॅलिब्रेशननंतर पंधराव्या दिवसापासून? त्या काळात तो कोणकोणत्या कामांना नेला? कोणाच्या छातीवरच्या किरणोत्सार नोंदवणाऱ्या बॅजचा आकडा आता पुन्हा काढून पाहायला हवा? बासष्ट कागदावर उतरले तरच हे प्रश्न कुणाला पडतील. शंभर लिहिले की मीटर सुधारतो. मागचे वर्ष मात्र बिघडलेलेच राहते आणि ते बिघडले होते याचा पुरावाही जातो.

चेंबूरच्या मंडईत वैधमापन विभागाचा निरीक्षक येतो. एखाद्या मासेवालीचा तराजू खोटा निघाला तर तो काटा सरळ करून, शिक्का मारून निघून जात नाही. किती ग्रॅमने खोटा होता ते आधी लिहितो, मग पुढचे. पापलेटाच्या वजनाला आपण जो न्याय लावतो तो माणसाच्या अंगावर पडणाऱ्या किरणोत्साराच्या मोजणीला लागू व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे. प्रत्येक अणुवीज केंद्रातल्या, प्रत्येक किरणोत्सार-मापकाच्या कॅलिब्रेशन फॉर्मवर 'सापडला तेव्हाचा आकडा' हा रकाना सक्तीचा करा. हात लावण्यापूर्वी त्यात भरायचा. तो रिकामा असेल तर कॅलिब्रेशन झालेच नाही असे धरा. आणि तो आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर असेल तर मागच्या वापराची चौकशी आपोआप सुरू झाली पाहिजे. त्यासाठी कुणा तंत्रज्ञाच्या धाडसाची गरज पडू नये. जिथे हा रकाना आधीपासून आहे तिथे तो प्रामाणिकपणे भरला जातो का, ते तुमच्या निरीक्षकांनी कार्यशाळेत उभे राहून पाहावे.

कार्यशाळेबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. अणुवीज केंद्रात किरणोत्सार मोजणारी उपकरणे शेकड्यांनी असतात. भिंतीवर एरिया मॉनिटर. हवेतली धूळ, आयोडीन आणि वायू तपासणारे एअर मॉनिटर. उंच धुरांड्यात स्टॅक मॉनिटर. समुद्रात किंवा नदीत सोडायच्या पाण्याच्या वाटेवर आणखी मॉनिटर. बाहेर पडताना हातपाय तपासणारे हँड-फूट मॉनिटर आणि सगळ्यात शेवटी दाराची चौकट असावी तसा पोर्टल मॉनिटर. कामगाराच्या छातीवरचा टीएलडी बॅज वेगळा. त्यातल्या तीन चकत्यांनी महिनाभर किती मात्रा, म्हणजे किती किरणोत्सार, झेलली ते नंतर प्रयोगशाळेत तापवून वाचतात. बॅज प्रामाणिक असतो, पण तो मागाहून सांगतो. पाय आत टाकण्यापूर्वी सांगणारे दुसरे कुणी नाही, ते फक्त भिंतीवरचे आणि हातातले मीटर. कामगाराला वर्षाला सरासरी २० मिलिसीव्हर्ट (हे मात्रेचे एकक), पाच वर्षांत मिळून १००, कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही, आणि सामान्य माणसाला वर्षाला १ मिलिसीव्हर्ट, या मर्यादा तुम्हीच घालून दिल्या आहेत. त्या पाळल्या गेल्या की नाही हे ज्या आकड्यांवरून ठरते ते आकडे या पेट्यांतून येतात.

आमच्या कार्यशाळेत एक जुने फोरमन होते, सगळे त्यांना अण्णा म्हणत. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एका गायगर ट्यूबसमोर, म्हणजे किरणोत्सार ठोक्याठोक्याने मोजणाऱ्या नळीसमोर, बसवले आणि दहा-दहा सेकंदांचे काउंट, म्हणजे ठोके, वहीत लिहायला सांगितले. सोर्स नाही, नुसते बॅकग्राउंड, म्हणजे आसपास नेहमीच असणारा किरणोत्सार. अर्धा तास मी लिहीत होते. आकडा सतत कमीजास्त होत होता. अण्णा म्हणाले, "बघ, जिवंत आकडा थरथरतो. स्थिर दिसला की उठून बघायला जायचं." किरणोत्सार हा मुळातच असा अनियमित टपटपणारा असतो. शंभर काउंट आले तर पुढच्या खेपेला ९३ येतील, मग १०८. दहा-एकाने इकडेतिकडे होणारच. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात त्याचे सूत्र आहे, ते मी पुष्कळ नंतर वाचले.

अण्णांचे ते वाक्य एकदा फार उपयोगी पडले. एका ठिकाणी (केंद्राचे नाव घेत नाही) मी दुसऱ्याच कामासाठी गेले होते. वाटेतल्या एका मार्गिकेतल्या एरिया मॉनिटरची मागची केबल कनेक्टरमधून निसटून लोंबत होती. मध्यवर्ती खोलीत येऊन पडद्यावर पाहिले तर त्याच मॉनिटरच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत आकडा होता, अगदी नेहमीचा. संगणकाला नवा आकडा मिळेना, म्हणून तो शेवटचा मिळालेला आकडा दाखवत बसला होता. मी लॉगबुक मागवून घेतले. मागे मागे पाने उलटत गेले. अकरा आठवडे, रोज तीन शिफ्ट, तीन वेगवेगळी हस्ताक्षरे, आणि दशांश चिन्हापुढचाही बदल नसलेला तोच आकडा. लिहिणाऱ्यांनी आपले काम नेमाने केले होते. पडद्यावर होते ते लिहिले होते. अकरा आठवड्यांत त्या मार्गिकेत काही झाले नव्हते, हे शेजारच्या मॉनिटरांवरून नंतर कळले. दुरुस्तीच्या नोंदीत 'केबल बदलली' एवढेच गेले. अकरा हा आकडा कुठेच गेला नाही. मी तोंडी सांगितला, लेखी मागितला नाही; ती माझी चूक.

म्हणून माझी दुसरी विनंती अशी, की ठरावीक वेळात न बदललेला आकडा पडद्यावर वेगळ्या रंगात दिसलाच पाहिजे, आणि उपकरण गप्प झाले असेल तर पडद्यावर आकडाच दिसू नये, 'बंद' असे दिसावे. चांगल्या बनावटीच्या मॉनिटरांमध्ये आतच एक चिमुकला तपासणी-सोर्स बसवलेला असतो, म्हणजे काटा कधीच पूर्ण शून्यावर येत नाही; आला तर ट्यूब गेली, हाय व्होल्टेज गेले किंवा केबल गेली. ही सोय फार जुनी आणि स्वस्त आहे. जुन्या मॉनिटरांच्या जागी नवे बसवताना ती सुटू नये.

गायगर ट्यूबचा आणखी एक दोष आहे आणि तो नेमका संकटाच्या वेळी दिसतो. प्रत्येक ठोक्यानंतर ट्यूबला सावरायला क्षणाचा अगदी लहान अंश लागतो. किरणोत्सार खूपच वाढला की तिला सावरायला उसंत मिळत नाही, ठोके इतके बारीक होतात की पुढचे सर्किट ते मोजतच नाही, आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येतो. साध्या बनावटीचा मीटर अशा वेळी शून्यसुद्धा दाखवू शकतो. आम्ही याला 'ट्यूब बसली' म्हणायचो. याला उतारा म्हणजे काटा टोकालाच धरून ठेवणारे सर्किट, आणि ज्या जागी जास्त मात्रा संभवते तिथे आयन चेंबर, म्हणजे ठोके न मोजता किरणोत्साराने हवेत तयार होणारा विजेचा प्रवाह मोजणारे उपकरण. पण ते सर्किट अजून चालते का, हे पाहायला जोरदार सोर्स लागतो, वेळ लागतो, आणि वर्षाच्या कॅलिब्रेशनमध्ये पहिली कात्री तिथेच लागते. खालच्या दोन पल्ल्यांवर तपासायचे आणि वरच्यावर 'ठीक' लिहायचे, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

मोठ्या पल्ल्याचे उपकरण हाताशी नसले की काय होते ते जगाने पाहिले आहे. २६ एप्रिल १९८६ ला सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात स्फोट झाला तेव्हा पहिल्या तासांत जे मीटर हातात होते त्यांची मोजमर्यादा सेकंदाला १००० मायक्रोराँटजेन, म्हणजे तासाला ३.६ राँटजेन (किरणोत्साराचे जुने एकक) एवढीच होती. काटा टोकाला टेकला, आणि तो टोकाचा आकडा मोजलेला आकडा म्हणून वर कळवला गेला. प्रत्यक्षात ढिगाऱ्याजवळ तासाला हजारो राँटजेन होते. त्याआधी २८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडमध्ये धुरांड्यावरचे मॉनिटर फक्त रोजच्या कामाच्या पल्ल्याचे होते. ते स्केलबाहेर गेले आणि किती वायू बाहेर पडतो आहे ते थेट सांगता येईना. त्यानंतर तिथल्या नियामकाने मोठ्या पल्ल्याचे मॉनिटर सक्तीचे केले. तरीही ऑगस्ट २०१३ मध्ये जपानमधल्या अपघातग्रस्त फुकुशिमा केंद्राच्या किरणोत्सारी पाण्याच्या टाक्यांपाशी तासाला १०० मिलिसीव्हर्ट हा आकडा नोंदवला गेला, कारण हातातला मीटर शंभरापुढे दाखवतच नव्हता. दुसरा मीटर आणल्यावर १८०० निघाले. चेर्नोबिलला तेव्हा सत्तावीस वर्षे होऊन गेली होती. ही चूक पुन्हा पुन्हा होते ती माणसे बेफिकीर असतात म्हणून नव्हे. काटा टोकाला टेकलेला असतो आणि फॉर्ममध्ये मात्र आकड्याचीच जागा असते. 'स्केलबाहेर' हा शब्द लिहायला जागा द्या. तीही फॉर्मचीच गोष्ट आहे.

याच्या उलटही एक उदाहरण आहे, आणि ते मी नव्या मुलांना नेहमी सांगत असे. चेर्नोबिलच्या स्फोटाची बातमी सोव्हिएत संघाने बाहेर सांगितली नव्हती. २८ एप्रिलच्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कामगाराच्या बुटांवर मॉनिटर वाजला. आधी सगळ्यांना वाटले आपल्याच केंद्रात गळती आहे. शोधाशोध झाली; बुटांवरची किरणोत्सारी धूळ बाहेरची होती, वाऱ्याबरोबर हजारभर किलोमीटरवरून आलेली. दारातला एक मॉनिटर नीट ठेवलेला होता आणि तो वाजल्यावर माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, म्हणून जगाला कळले.

विश्वास ठेवला, यावर मला थांबायचे आहे. आपल्याकडे पोर्टल मॉनिटर वाजला की पहिली प्रतिक्रिया 'परत वाजला का हा' अशी असते. त्याला कारणेही आहेत. हवेतल्या रेडॉन या नैसर्गिक किरणोत्सारी वायूपासून तयार होणारे कण टेरिकॉटच्या कपड्यांना चिकटतात आणि अलार्म देतात. अर्धा-पाऊण तास बसवून ठेवले की ते बरेचसे ओसरतात. कुणी आदल्या दिवशी हाडांचे स्कॅन करून आलेला असतो, त्या स्कॅनसाठी टोचलेले, त्याच्या अंगातले किरणोत्सारी टेक्नेशियम वाजते. असे पाच-सहा वेळा झाले की पाळीवरचा माणूस वैतागतो, आणि मग कुणीतरी अलार्मची पातळी गुपचूप वर सरकवतो. मीही एका पर्यवेक्षकाच्या सांगण्यावरून एकदा सरकवली आहे. पातळी बदलायची असेल तर ती हेल्थ फिजिक्स, म्हणजे किरणोत्सार-सुरक्षा विभागाच्या सहीने, कारण लिहून आणि तारीख घालून बदलली जावी, आणि तो कागद तुमच्या निरीक्षकाने मागितल्यावर पाच मिनिटांत समोर यावा. जास्त दाखवणारा मीटर सुरक्षित बाजूला आहे, असे आमच्यात सर्रास म्हटले जाई. ते मला कधी पटले नाही. खोटे वाजणाऱ्या घंटेने माणसांचे पाय बांधले जातात, आणि खरी वाजते तेव्हा कुणी उठत नाही.

आता आपल्या हवामानाबद्दल, कारण ते परदेशी माहितीपुस्तिकेत नसते. आयन चेंबरमधून येणारा विजेचा प्रवाह अतिशय सूक्ष्म असतो. एक लिटरचा चेंबर तासाला एक मिलिराँटजेनच्या जागी ठेवला, तर एका अँपिअरचे दहा लाख कोटी भाग करून त्यातला एक भागही पुरता भरत नाही इतका. एवढासा प्रवाह वाहून नेणाऱ्या कनेक्टरवर बोटाचा घाम लागला, खारी हवा बसली, दमटपणा शिरला की गळती सुरू होते आणि काटा आपल्या मनाने भटकू लागतो. तारापूर समुद्रावर आहे. उद्या जैतापूर झाले तर तेही समुद्रावर. कोकणातला पाऊस चार महिने असतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या टेबलावर येणाऱ्या मॉनिटरांची संख्या मे महिन्याच्या कितीतरी पट असायची. निळी सिलिका जेल गुलाबी झालेली, रबराच्या वायसरला चीर, कनेक्टरवर हिरवट बुरशी. हे सगळे एप्रिल-मेमध्ये पाहून ठेवायचे काम आहे. वार्षिक कॅलिब्रेशनच्या तारखा मात्र खरेदीच्या तारखेवरून ठरतात, ऋतूवरून नाही. समुद्रकाठच्या केंद्रांना पावसाळ्यापूर्वीची वेगळी तपासणी बंधनकारक करा. शेतकरी मिरगाआधी नांगराचा फाळ पाहतो, तसे हे आहे.

कॅलिब्रेशनच्या बाकाबद्दलही दोन शब्द. सोर्सपासून उपकरण किती अंतरावर ठेवले यावर सगळे अवलंबून असते, कारण किरणोत्सार अंतराच्या वर्गाने घटतो. एक मीटरवर ठेवतो आहोत असे समजून उपकरण प्रत्यक्षात दहा सेंटिमीटर जवळ ठेवले, तर तिथे किरणोत्सार समजुतीपेक्षा सुमारे २३ टक्के जास्त असतो. तंत्रज्ञ पॉट फिरवून काटा 'बरोबर' आणतो आणि त्या दिवसापासून ते उपकरण शंभराच्या जागी एक्याऐंशी दाखवते. ही चूक होते कुठून? टेप पेटीच्या पुढच्या पत्र्यापासून धरायची की आतल्या चेंबरच्या मध्यापासून, एवढ्या साध्या गोंधळातून. सीझियम-१३७ च्या सोर्सचे तेज तीस वर्षांत निम्मे होते. दहा वर्षांपूर्वीचा आकडा धरून कुणी काम करत राहिला तर उरलेले असते जेमतेम ७९ टक्के. भाभा अणुसंशोधन केंद्रात देशाची या मोजमापाची प्रमाणे सांभाळली जातात, ती उत्तम आहेत. चूक शिरते ती तिथून निघून शेवटच्या कार्यशाळेच्या टेबलापर्यंत येताना.

आणि इथेच एक असा धोका आहे ज्याची चर्चा कमी होते. महत्त्वाच्या जागी, उदाहरणार्थ अणुभट्टीच्या इमारतीतून हवा बाहेर नेणाऱ्या मार्गावर, तीन मॉनिटर बसवतात आणि तिघांपैकी दोघांनी सांगितले की इमारत आपोआप बंद होते. एक बिघडला तरी दोन आहेत, ही कल्पना सुंदर आहे. पण तिघांचे कॅलिब्रेशन एकाच दिवशी, एकाच बाकावर, एकाच माणसाने, त्याच चुकीच्या खुणेवर ठेवून केले असेल तर तिघे एकाच आवाजात खोटे बोलतील. तिघांची पाळी वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवा, वेगवेगळ्या हातांनी करा. यात पैसे लागत नाहीत, वेळापत्रक लागते. केबल आणि वीजपुरवठ्याचेही तसेच. ३१ मार्च १९९३ ला नरोरा केंद्रात टर्बाइनची आग केबलींमधून पसरली आणि केंद्रातली वीज तासन्तास गेली, हे आपल्याच देशात घडले आहे. ११ मार्च २०११ नंतर फुकुशिमा प्रांतातल्या २४ मोजणी-चौक्यांपैकी २३ भूकंप, त्सुनामी आणि वीज-संपर्क तुटल्याने निकामी झाल्या. लोकांना कोणत्या दिशेने न्यायचे हे ठरवायच्या घडीलाच आकडे नव्हते. आपल्याकडे केंद्राभोवतीच्या १६ किलोमीटरसाठी आपत्कालीन आराखडा असतो. घरात थांबा, आयोडीनची गोळी घ्या, गाव सोडा, यातले काय सांगायचे ते असल्याच चौक्यांच्या आकड्यांवर ठरणार. दरवर्षीच्या सरावात एकदा तरी त्यांची वीज आणि नेटवर्क खरोखर बंद करून पाहावे.

भिंतीवरच्या मॉनिटरला सगळेच दिसत नाही, हेही मान्य करायला हवे. ट्रिटियमचे, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजनचे, बीटा कण हवेत काही मिलिमीटर जाऊन थांबतात. एरिया मॉनिटरला ते कळत नाहीत, टीएलडीलाही नाहीत. नोव्हेंबर २००९ मध्ये कैगा केंद्रातल्या पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम असलेले जड पाणी मिसळले गेले, ते कामगारांच्या लघवीच्या नेहमीच्या तपासणीतून उघड झाले. कंटाळवाणी, ठरलेल्या वारी होणारी तपासणी होती ती. आपल्या बहुतेक केंद्रांतल्या अणुभट्ट्या जड पाणी वापरतात आणि त्यात ट्रिटियम तयार होते, म्हणून हे विशेष महत्त्वाचे.

तुमचे काम मी कमी लेखत नाही. मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ला झाली, म्हणजे माझ्या नोकरीच्या पाचच वर्षे आधी. तुमच्या निरीक्षकांना मी कार्यशाळेत येताना पाहिले आहे, आणि ते येणार म्हटले की टेबले आवरली जात. तुमच्या वार्षिक अहवालांत प्रत्येक केंद्रातल्या कामगारांची मात्रा आणि बाहेर सोडलेल्या किरणोत्साराचे प्रमाण छापलेले असते आणि ते मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. मी ते वाचते. मला आनंदही होतो. फक्त त्या तक्त्याच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेत असे वाटते. वर्षभरात किती टक्के वेळ त्या केंद्राचे मॉनिटर चालू होते, आणि कॅलिब्रेशनला आलेल्यांपैकी किती मर्यादेबाहेर सापडले. हे आकडे छापल्याने लोक घाबरतील, असे कुणी म्हणेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही आपल्याकडची जुनी सवय. माझा अनुभव उलटा आहे. मानखुर्दच्या आमच्या वस्तीत शेजारणी मला विचारत, "ताई, तिथं काही झालं तर आपल्याला कळेल का?" किरणोत्सार किती आहे हे त्यांनी कधीच विचारले नाही. कळेल का, एवढेच विचारले.

सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज हे उद्दिष्ट ठेवले आहे. २०२५ मध्ये आपण नऊ हजार मेगावॅटच्याही आत होतो. म्हणजे येत्या वर्षांत भाच्यासारखी कितीतरी मुले या कामाला लागतील, खासगी कार्यशाळांतही लागतील. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या. अणुभट्टीच्या एका आयुष्यात मॉनिटरांच्या तीन-चार पिढ्या होऊन जातात. जुन्याचे सुटे भाग बाजारातून नाहीसे होतात, मग एक मॉनिटर मोडून दुसरा जगवायचा. हे आम्ही हौसेने केले, पण ते धोरण असू शकत नाही. कोणता मॉनिटर किती वर्षांनी बदलायचा आणि त्याचे सुटे भाग किती साठवायचे, हे परवाना देतानाच लिहून घ्या.

आणि सगळ्यात शेवटच्या टेबलावरच्या मुलाला एक लेखी शब्द द्या, की खराब आकडा लिहिल्याबद्दल त्याला कुणी जाब विचारणार नाही, आणि खराब आकडा लपवल्याबद्दल मात्र विचारील. आमच्या वेळी याच्या बरोबर उलटे होते. मर्यादेबाहेरचा आकडा लिहिला की कागद वाढायचे, दोन सह्या जास्त लागायच्या, काम अडायचे आणि नाव लिहिणाऱ्याचे व्हायचे. भाच्याला मी त्या रात्री सांगितले, फॉर्मच्या समासात पेनने लिही, बासष्ट, तारीख आणि सही. त्याने लिहिले. त्याचे पुढे काय होते ते मी पाहते आहे.

एक छोटी गोष्ट तुम्ही यंदाच करू शकता. वळवाचा पहिला पाऊस पडतो तेव्हा हवेतल्या रेडॉनचे कण पावसाबरोबर खाली येतात आणि तास-दोन तास जमिनीलगतचा गॅमा किरणोत्सार थोडासा चढतो. अगदी थोडा, कुणाला अपाय नाही. पण चांगल्या अवस्थेतला पर्यावरण-मॉनिटर तो टिपतो. आलेखावर एक लहानसा उंचवटा उठतो आणि ओसरतो. देशभर लावलेल्या आपल्या पर्यावरणीय किरणोत्सार जाळ्यातल्या चौक्यांचे आणि केंद्रांभोवतीच्या मॉनिटरांचे त्या दिवसाचे आलेख मागवून घ्या, आणि शेजारी हवामान खात्याचा पाऊस ठेवा. जिथे पाऊस चांगला पडला, शेजारच्या चौक्यांवर उंचवटा उठला, आणि एकाच ठिकाणची रेघ जागची हलली नाही, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी एक तंत्रज्ञ पाठवा. सोर्स बरोबर द्या. आणि हात लावायच्या आधी जो आकडा दिसेल तो लिहून घ्यायला सांगा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त उपकरण तंत्रज्ञ
मानखुर्द, मुंबई